यंदाचं वादळ आपल्याकडे

महिपती घरतनं त्या सकाळी चहाला आधण ठेवता ठेवता ठरवून टाकलं, की यंदाचं वादळ आपल्याकडे करायचं.

लोक सत्यनारायण आपल्याकडे करतात, साखरपुडा करतात, गेलाबाजार भिशीची पाळी तरी आपल्याकडे घेतात. वादळ आपल्याकडे करावं असं सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. महिपतीच्या डोक्यात मात्र ते दोन वर्षं घोळत होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं.

खारवेली हे कासू स्टेशनापासून खाडीच्या अंगाला असलेलं शंभरेक उंबऱ्यांचं गाव. घरं बहुतेक कौलांची, काही पत्र्यांची. स्लॅबचं घर एकच, मधल्या आळीतलं, ते महिपतीचं. रोह्याच्या एका कंपनीत त्यानं चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला, तेव्हा कुठे डोक्यावर तो स्लॅब आला. दोन वर्षांपूर्वी वादळ आलं तेव्हा सरकारी हुकमानं अख्खं गाव शाळेत गेलं. महिपतीही वळकटी काखेत मारून गेला. दारात यादी करत बसलेल्या साहेबांनी त्याचं नाव ऐकलं, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, की तुमचं घर स्लॅबचं ना, मग इथं गरजूंची जागा कशाला अडवता? महिपती वळकटी घेऊन परत आला आणि ते वादळ त्यानं एकट्यानं, अगदी कोरड्या अंगानं काढलं.

इथवर ठीक होतं. पण पुढची दोन वर्षं गावात दुसरा विषयच राहिला नाही. शाळेत भजनाची पेटी कशी रंगली, कारखानदार काळुराम टेबलावर चढून कसा नाचला, आणि बायजाबाईच्या शेळीनं साहेबांची ती यादी कशी खाल्ली (म्हणजे सरकारी हिशेबानं त्या दिवशी शाळेत कोणीच नव्हतं), हे देवळाच्या पारावर महिन्यातून दोनदा तरी निघायचंच. जो तो आपली भर घालायचा. महिपती नुसता मान हलवायचा. त्याच्या वाट्याला सुरक्षितता आली होती, आणि सुरक्षिततेची गोष्ट सांगायला घेतली की दोन वाक्यांत संपते.

बाकी वादळाचा इशारा महिपतीइतका मनापासून वाचणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल. त्याची बायको चंद्रावती जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्याच्या फोनवर रोज न चुकता कोणी आठवण काढत असेल तर ते फक्त प्रशासन. प्रिय नागरिक, पुढील तीन तासांत जिल्ह्यात मेघगर्जनेसह पाऊस, झाडाखाली थांबू नये. महिपती ते दोनदा वाचायचा आणि सावकाश एकेक अक्षर दाबत उत्तर लिहायचा: मेसेज मिळाला, इकडे सर्व ठीक, आपणही काळजी घ्यावी. तिकडून कधी काही येत नसे. मोठ्या हुद्द्याची माणसं, कामात असतील, असं म्हणून त्यानं ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

दुसरा आधार होता पुण्याचा मुलगा, जगन. मुलगा गुणी, पण रंगाप्रमाणे वागणारा. टीव्हीवर रायगड पिवळा दिसला की तो जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायचा. नारिंगी दिसला की लिहायचा, बाबा जपून राहा. आणि लाल दिसला की फोन करायचा. आपण होऊन त्याला फोन करावा, तर तो मीटिंगमध्ये असतो असं त्यानं एकदा सांगितलं होतं. किती वाजेपर्यंत असतो ते सांगितलं नव्हतं. त्यामुळे रेड अलर्टला गाव धास्तावायचं आणि महिपती दाढी करून बसायचा.

त्या दिवशी पहाटे सहालाच फोन भोंग्यासारखा किंचाळला. रेड. दुपारी बाराच्या सुमारास वादळ किनाऱ्यावर येणार, खाडीकाठच्या गावांनी सुरक्षित जागी जावं. महिपतीनं दाढी केली, चहा घेतला आणि तडक पंचायतीत गेला.

सखा म्हणजे पंचायतीचा शिपाई. पाणी सोडायचं काम त्याचं आणि दवंडीही त्याचीच. स्वतःच्या मिनीडोर रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून तो गावभर फिरायचा. महिपतीनं त्याला सांगितलं, की पुकारताना एक वाक्य वाढव. ज्यांची घरं कच्ची आहेत त्यांनी महिपती घरतच्या घरी यावं, घर मोकळं आहे, जेवणाची सोय आहे. सखा जरा घुटमळला. डोकं खाजवून म्हणाला, "दादा, तुमाला तरास व्हईल." महिपतीनं सांगितलं, की त्रास कसला, तू पुकार. सखा जमिनीकडे बघत व्हय म्हणाला आणि महिपती पाखरासारखा हलका होऊन घरी आला.

मग सुरू झाली तयारी. चंद्रावतीनं पूजेसाठी घेतलेला मोठा टोप माळ्यावरून खाली आला. चार वर्षं एका माणसाची मूठभर खिचडी करणाऱ्या महिपतीनं चाळीस माणसांचा अंदाज धरला (अंदाज म्हणजे डाळतांदळाचे होते तेवढे डबे उपडे केले). पडवीत आणि माजघरात चटया अंथरल्या. पत्त्यांचा कॅट काढून ठेवला. मंडळी बसल्यावर काय काय सांगायचं याचीही त्यानं मनाशी उजळणी केली. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला आणि सगळं डिपार्टमेंट पळालं तरी महिपती घरत पळाला नाही, ती हकिगत त्यानं आजवर कोणाला नीट सांगितलीच नव्हती. चंद्रावतीला सांगितली होती, पण ती मध्येच म्हणाली होती, पळायचं होतंत की हो.

बाहेर सखाचा भोंगा फिरत होता. देवळापाशी खणखणीत वाजत होता, पण मधल्या आळीच्या तोंडाशी आला आणि नेहमीप्रमाणे त्याचा आवाज बसला. हे कायमचंच होतं. बॅटरी बदल म्हणून महिपतीनं सखाला तीनदा सुचवलं होतं, आणि तिन्ही वेळा सखानं व्हय दादा म्हणून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली होती. पुकारा कळला नाही तरी मजकूर आपलाच आहे, या समाधानात महिपती खिचडी ढवळत राहिला.

साडेनऊला दारात टेम्पो थांबला. काळुराम आला होता. गावाच्या कडेला बांबू आणि प्लॅस्टिकच्या मांडवात त्याचा गणपतीचा कारखाना होता. पेण भागात जूनमध्ये अशा कारखान्यांतून जिकडेतिकडे पांढरे, बिनरंगाचे गणपती सुकत असतात. वादळात त्याचा मांडव टिकणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. काळुराम पायरीवर उभा राहून कुजबुजत म्हणाला, "दादा, जरा यांना आत ठेवू काय? शाडूचे हायेत. पानी लागलं की नुसता गाळ."

महिपती म्हणाला, आण की, घर तुझंच आहे. त्यावर काळुरामनं आणि त्याच्या माणसांनी चपला काढून हातात घेतल्या आणि एकशे तेरा गणपती एक शब्दही न बोलता आत आणले. पडवी भरली, माजघर भरलं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत ओळी लागल्या. हातभर उंचीपासून वीतभर उंचीपर्यंत, सगळे पांढरेफटक. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी होते, त्यामुळे एकालाही डोळे नव्हते. महिपतीनं चटया गुंडाळून घेतल्या आणि विचार केला, चांगलंच झालं, आधी सामान येतंय, मागून माणसं येतील. काळुरामला बस म्हणावं, तर तो तळवे कानाजवळ नेऊन, तुम्ही पडा, असं खुणेनं सांगत निघून गेला. एवढा टेबलावर नाचणारा माणूस, बोलेनासा झालाय म्हणजे घसा धरला असणार, असं महिपतीला वाटलं.

मग रीघ लागली. गोधडीत गुंडाळलेले टीव्ही आले. रेशनकार्डं आणि दाखले भरलेले बिस्किटांचे डबे आले. लोणच्याच्या बरण्या, मसाला, आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेल्या सुक्या बोंबलांच्या टोपल्या आल्या (गणपतींनी त्याबद्दल काही तक्रार केली नाही). जो येई तो चवड्यांवर चालत आत शिरे, वस्तू अलगद टेकवी, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटे आणि चवड्यांवरच बाहेर पडे. महिपती एकेकाला खिचडीचा आग्रह करत होता. आवाज चढवून करत होता. जितका त्याचा आवाज चढे तितकी माणसं अपराध्यासारखी लवकर निघून जात. लोक वादळाला फारच भ्यालेत, असा त्यानं अर्थ लावला.

अकराच्या सुमाराला शेजारची बायजाबाई आली. सत्तरी उलटलेली, मिठागरात उभा जन्म गेलेली बाई. वादळ येणार हे ती फोनच्या आदल्या दिवशी खाडीकडे बघून सांगायची, आणि तिचं खोटं ठरलं तर तो वादळाचा दोष असायचा. तिच्या हातात एका शेळीचं दावं होतं.

"ही तुझ्याकडं ठेव. गरीब हाय, वरडत नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "दुसरी लय बोंबलते, तिला शाळेत नेली."

महिपतीनं शेळी घेतली आणि विचारलं, की माणसं कधी येणार? बायजाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. माणसं इथं कशाला येतील, म्हणाली. सखानं सरळ पुकारलं होतं, की माणसांनी शाळेत जावं आणि ज्या वस्तू आवाज करत नाहीत त्या महिपतीदादांच्या घरी ठेवाव्या.

"काकी, मी त्याला असं सांगितलंच नव्हतं."

"तू सांगशील. पन तू दिवसाचा झोपतोस ना."

महिपतीनं सांगितलं, की मी रिटायर होऊन पाच वर्षं झाली, आता मी रात्री झोपतो.

"ते मना ठाव हाय," बायजाबाई म्हणाली. "पन चंद्रावतीनं गावाला वळन लावलंय. चौतीस वरसं तुझी रातपाळी. ती या पायरीवर बसून येनाऱ्या-जानाऱ्याला सांगायची, हळू बोला गो, यांचा आत्ताच डोळा लागलाय. पाय वाजवले म्हनून मी माझ्या पोरांना मारलंय. आता त्यांची पोरं बी तुझ्या दारावरून चपला हातात घेऊन जातात. का, ते त्यांना पन नाय म्हाईत."

महिपती शेळीचं दावं धरून उभा राहिला. सखाची बॅटरी, काळुरामचा घसा, आळीतून न खेळणारी पोरं, भाजीवाला जो देवळापाशी ओरडतो आणि इथं येऊन नुसती टोपली दाखवतो, सगळ्याचा उलगडा एका झटक्यात झाला. पाच वर्षं त्याला वाटत होतं, की आपल्यात काहीतरी कमी आहे, म्हणून कोणी ओट्यावर टेकत नाही. प्रत्यक्षात सगळं गाव त्याला झोपू देत होतं.

तो म्हणाला, "काकी, तू तरी थांब. खिचडी केलीय."

पण बायजाबाईला जायला हवं होतं. दुसरी शेळी शाळेत होती आणि साहेब पुन्हा यादी घेऊन आले होते.

ती गेली. महिपतीच्या मनात आलं, आपणही शाळेत जावं. हाकलतील तर हाकलतील. निदान टोप तरी तिकडे न्यावा, म्हणून त्यानं तो उचलून बघितला, पण चाळीस माणसांची खिचडी एका माणसानं उचलायची नसते. शिवाय काळुरामचं अख्खं वर्ष त्याच्या भरवशावर घरभर मांडलेलं होतं. तेवढ्यात खाडीकडून वारा उठला आणि प्रश्न तिथंच मिटला.

बाराला सुरू झालं. आधी माड वाकले, मग कुणाच्या तरी कौलांचा आवाज, मग कसलाच वेगळा आवाज ओळखू येईना. महिपतीनं दारं-खिडक्या लावल्या आणि गणपतींमधून पाय टाकायला जागा शोधत माजघराच्या मध्यात येऊन बसला. कोणाकडे पाठ करू नये म्हणून त्यानं दोनदा बैठक बदलली, मग लक्षात आलं की ते चहूबाजूंनी आहेत. एकशे तेरा पाहुणे. प्रत्येकाला सुपाएवढे कान, आणि उठून जायची कोणाला घाई नाही. इतकी चांगली बैठक त्याला जन्मात मिळाली नव्हती. त्यानं घसा खाकरला आणि सेफ्टी व्हॉल्व्हची हकिगत सुरू केली.

व्हॉल्व्ह अडकेपर्यंत गोष्ट आली आणि खाडीकडच्या खिडकीची कडी तुटली.

दोन्ही झडपा धाडकन उघडल्या आणि पावसाचा फवारा थेट माजघरात आला. खिडकीजवळचा एक वीतभर गणपती बघता बघता चिंब झाला. महिपती कसा पोचला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. एकही मूर्ती न पाडता त्यानं झडपा ओढून लावल्या आणि त्यांना पाठ लावून उभा राहिला. कडी नव्हती. कपाट आणून लावावं तर मध्ये साठ गणपती. हाताशी आली ती चंद्रावतीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. ती त्यानं फटीत कोंबली आणि पाठ घट्ट दाबली. वारा पलीकडून धक्के मारत होता आणि महिपती अलीकडून. भिजलेल्या गणपतीचा एक कान ओघळून खाली यायला लागला, तो त्यानं वाकून अंगठ्यानं परत जागच्या जागी बसवला. जरा वाकडा बसला.

आणि मग स्वयंपाकघरातल्या फळीवर फोन वाजला.

जगनचा होता. त्याच्या फोनची घंटा महिपतीनं वेगळी लावून ठेवली होती, म्हणजे प्रशासन आणि मुलगा यांत गल्लत व्हायला नको. एरवी खिडकीपासून फळीपर्यंत आठ पावलं. आज गणपतींमधून वीस. जायला वीस, यायला वीस, आणि तेवढ्या वेळात काळुरामच्या तीन ओळींचा गाळ. फोन वाजत राहिला. ज्या फोनसाठी दाढी केली होती तो वाजत होता आणि त्याला पाठ हलवता येत नव्हती. बंद झाला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा महिपती सगळा जोर लावून ओरडला, "जगन, मी खिडकीशी हाय रे, मी बरा हाय." त्या घरात भरदिवसा इतक्या मोठ्यानं कोणी ओरडल्याचं त्याला आठवत नव्हतं. फोन बंद झाला आणि शेळीनं तेवढं एकदा त्याच्याकडे बघितलं.

मग त्याला रडू आलं. कोणी बघायला नव्हतं, डोळे असलेलं तर नव्हतंच. त्याला चंद्रावतीचा राग येईना. उन्हाळ्याच्या दुपारी ती पायरीवर पदरानं वारा घेत बसलेली असायची, आणि तो आत पंख्याखाली घोरत असायचा. आपल्याला झोप मिळावी म्हणून ती गाव गप्प करत राहिली आणि ते पुन्हा बोलतं करायचं मात्र तिच्याकडून राहून गेलं. तिला तरी काय माहीत, आधी कोण जाणार ते. फटीतल्या गोधडीला तिच्या हातचे टाके होते, ते पाठीला टोचत होते, आणि तो दोन तास तसाच उभा राहिला. राहिलेली हकिगत त्यानं उभ्यानंच पुरी केली. या खेपेला मध्येच कोणी बोललं नाही. त्याला ते आवडलं नाही.

अडीचच्या पुढे वारा पडला. पाऊस सरळ पडायला लागला, मग रिपरिप. महिपतीनं खिडकी दोरीनं बांधली, मूर्ती मोजल्या, सगळ्या होत्या. फोन बघितला, रेंज गेली होती. खिचडी अजून कोमट होती. आता लोक आपापलं सामान न्यायला येणार, म्हणजे यावंच लागणार, हे ध्यानात आल्यावर त्याला एकदम उभारी आली. आता कोणी कुजबुजलं तर तोंडावर सांगायचं. एकेकाला हाताला धरून बसवायचं, वाढायचं, पेटी मागवायची. शाळेत झालं नसेल एवढं इथं होईल. वाट बघायला म्हणून तो दोन मिनिटं भिंतीला टेकून बसला.

आता, दिवसाउजेडी झोपण्यात महिपतीचा हात धरणारा कोणी नव्हता. चौतीस वर्षांची मेहनत होती त्यामागे.

जाग आली तेव्हा कोवळं ऊन खिडकीच्या फटीतून तोंडावर पडलं होतं आणि कोंबडा आरवत होता. सकाळ दुसऱ्या दिवसाची होती. घर रिकामं होतं. गणपती नव्हते, टीव्ही नव्हते, बोंबील नव्हते, शेळी नव्हती. जमीन झाडून पुसून लख्ख. त्याच्या डोक्याखाली उशी होती आणि अंगावर चंद्रावतीची गोधडी, वाऱ्यावर सुकवलेली. टोप घासून पालथा घातलेला. अंगणात खरकट्या पत्रावळींची ही एवढी चळत.

महिपती तसाच बायजाबाईकडे गेला. ती गोठ्यात होती. तिनं त्याला बघितलं आणि काल काय झालं ते खुशीत सांगायला घेतलं. चारच्या सुमाराला सगळं गाव आलं होतं. शाळेतली खिचडी साहेबांनाच पुरली नव्हती, त्यामुळे सगळे उपाशी. सामान हलवून पडवीत, माजघरात, ओट्यावर पंगती बसल्या, वाट्याला दोन-दोन घास का होईना. काळुरामनं मूर्ती बघितल्या, खिडकी बघितली, आणि तो ढसाढसा रडला, पण तोंडात पंचा धरून. पेटीवाल्यानं पेटी वाजवली, म्हणजे भाता न मारता नुसती बोटं फिरवली. रात्री नवापर्यंत माणसं बसली होती. उठतच नव्हती.

"अशी मज्या शाळेत पन नाय आली," बायजाबाई म्हणाली.

"मला उठवायचं ना, काकी," महिपती म्हणाला.

"तुला? लय दमला होतास. सखा तुझ्याशी बोलायला बघत होता, मी त्याला गप केला. पोरं हसायला लागली, त्यांना गप केली." तिनं शेळीपुढं पाला टाकला. "जगनचा फोन आलेला साताला. मीच घेतला. त्याला सांगितलं, बा झोपलाय, उठवू नको, उद्या कर."

महिपतीनं घरी येऊन फोन बघितला. प्रशासनाचा मेसेज होता, की वादळ ओसरलं असून जिल्ह्याला आज यलो अलर्ट आहे. त्याखाली जगनचा मेसेज होता. जोडलेल्या हातांचं चित्र.

तो फोन ठेवायला वळला. मग त्याला दिसलं, की दाराआड कोनाड्यात एक गणपती आहे. वीतभर, पांढरा, एक कान वाकडा. काळुरामनं तो मुद्दाम मागे ठेवला होता. महिपतीनं त्या कानावरून अंगठा फिरवला, सदरा घातला आणि पंचायतीत गेला.

या खेपेला त्यानं सखाला एका कागदावर मजकूर लिहूनच दिला आणि समोर उभं राहून दोनदा वाचून घेतला. सखानं कागद कपाळाला लावला. दादा, शब्दसुद्धा बदलणार नाय, म्हणाला. महिपती लगबगीनं घरी येऊन पायरीवर, चंद्रावती बसायची तिथं बसला आणि कान देऊन ऐकू लागला.

देवळापाशी भोंगा सुरू झाला. सखा जीव तोडून पुकारत होता. सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येते, की मधल्या आळीतले महिपती घरत हे रिटायर होऊन पाच वर्षं झाली असून दिवसा पूर्णपणे जागे असतात, तरी लहानथोरांनी त्यांच्या दारावरून जाताना मोठ्यानं बोलावं, पाय वाजवावेत, मुलांनी खेळावं, आणि सवडीनं येऊन बसावं. पारावरची माणसं ऐकायला उभी राहिली असावीत, कारण सखानं ते तिथं दोनदा म्हटलं. मग मिनीडोर वळली आणि मधल्या आळीकडे यायला लागली. महिपती उठून उभा राहिला.

आळीच्या तोंडाशी सखाचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि भोंग्याचा आवाज बसला. रिक्षा अगदी सावकाश, इंजिनसुद्धा वाजू न देता, महिपतीच्या दारावरून गेली. सखानं बाहेर वाकून त्याला अदबीनं मान लववली. त्याचे ओठ हलत होते, म्हणजे मजकूर शब्द न बदलता चालू होता.

महिपतीनं त्याला हात केला. आळी संपली आणि आवाज परत मोठा झाला.